निंदण, वेचणी आणि बायकोचा पेपर

आमच्या घरात डीएड झालेली दोन माणसं होती आणि मास्तर एकही नव्हता. एक मी, दुसरी माझी बायको. आमच्या वेळी बारावीला ज्याला बरे मार्क पडले त्याला घरचे डोळे मिटून डीएडला घालत. दोन वर्षांत मास्तर, मग पगार, मग लग्न, असा सरळ हिशेब. आमचं त्यातलं लग्न तेवढं झालं. भरती बंद पडली ती पडलीच. चिखलीपासून थोडं आत आमचं गाव. तिथं मी बापाची शेती धरली. सोयाबीन, कापूस, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी. बायकोनंही माझ्यासोबत तेच धरलं.

मधल्या काळात सरकारनं टीईटी नावाची पात्रता परीक्षा काढली. ती पास नसेल तर भरतीच्या दारात उभं करत नाहीत. मी तिला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. बायको पहिल्या झटक्यात पास झाली. हे मी आजही कोणी न विचारता सांगतो. पास होऊन तिचं सर्टिफिकेट पेटीत जाऊन बसलं, कारण भरतीच निघत नव्हती.

मग बऱ्याच वर्षांनी ती निघाली. शिक्षक भरतीची परीक्षा, कॉम्प्युटरवर, दोनशे प्रश्न आणि दोन तास. बातमी मी चिखलीच्या भाजीबाजारात ऐकली आणि उरलेली मेथी मिळेल त्या भावात टाकून गाडी घराकडे पळवली. आनंद होता, पण धास्तीही होती. बायकोच्या वयाची अट संपत आली होती. आपल्याकडे भरती कशी निघते हे सगळ्यांना माहीत आहे. ही हुकली असती तर पुढची येईपर्यंत ती फॉर्म भरायच्या वयाचीच राहिली नसती. म्हणजे तिच्या हातात एकच पेपर होता. लागली तर बाई, नाही लागली तर जन्मभर वांगी.

ती पोळ्या लाटत होती. ऐकून तिनं लाटणं खाली ठेवलं. "मंग अभ्यास करू म्हणता?" असं तिनं विचारलं, जणू मी नाही म्हटलं असतं तर ती परत पोळी लाटायला लागली असती. मला त्याचाच राग आला. मला राग पटकन येतो, गावाला माहीत आहे. म्हटलं, "विचारून काय राह्यली? तू अभ्यास कर. बाकीचं मी पाह्यतो."

'बाकीचं' केवढं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठरलं असं की सकाळी तिनं शेतात यायचं, कारण निंदणाच्या दिवसांत एक हात कमी पडला तर गवत पीक गिळतं. दुपारपासून मात्र ती आणि तिची पुस्तकं. स्वयंपाक, भांडी, म्हैस आणि पोरगी माझ्याकडे. पोरगी तेव्हा पहिलीत होती. मी भाकरी थापायला शिकलो. पहिली भाकरी मायनं उचलून पाहिली आणि नेऊन म्हशीपुढं टाकली. म्हशीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. दोन आठवड्यांनी माझी भाकरी फुगायला लागली. वांग्याची भाजी तर मी आता बायकोपेक्षा बरी करतो. हे तिला मान्य नाही, पण ती दोनदा वाढून घेते.

गाव काही गप्प बसणार नव्हतं. एसटीच्या थांब्यावर दोस्तमंडळी बसलेली असायची. मी दिसलो की एक जण हमखास विचारायचा, "काय बे, आज काय भाजी?"

"वांग्याची. येतं का जेवाले?"

"अन् वहिनी काय करून राह्यली?"

"बुद्धिमत्ता. तुले जमन्यातली नाही."

असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं. मायचं मात्र सोडणं नव्हतं. तिचं म्हणणं, सून नोकरीला लागली तर घर कोण पाहीन. मी भांडी घासता घासता सांगायचो, "मी पाहून नाही राह्यलो का?" ती म्हणायची, "तेच तं पाहवत नाही मले."

चिखलीत एका कॉम्प्युटरवाल्यानं सराव परीक्षा सुरू केल्या होत्या. दर रविवारी पोरं-पोरी जीपनं यायची, दोन तास खऱ्यासारखा पेपर द्यायची आणि संपला की पडद्यावर लगेच निकाल. पहिल्या रविवारी मी बाहेर बाकावर बसलो होतो. माझ्या मनात शंकाच नव्हती. कॉलेजात ती माझ्या दोन बाकं पुढं बसायची आणि माझं गणित तिच्या वहीवरच चालायचं.

ती बाहेर आली ती चेहरा पाडून. जितके प्रश्न सोडवले होते त्यातले जवळजवळ सगळे बरोबर. पण शेवटचे साठ-सत्तर प्रश्न तिनं पाहिलेही नव्हते. वेळ संपला होता.

म्हटलं, पहिली वेळ आहे, माऊस हातात बसायचा आहे. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. सोडवलेलं सगळं खणखणीत आणि खालचा गठ्ठा कोरा. तिच्यापेक्षा कच्ची पोरं तिच्या पुढं जात होती, कारण ती शेवटपर्यंत पोचत होती. माझा तर जीव वरखाली व्हायला लागला. येत नसतं तर गोष्ट वेगळी. येत होतं, आणि तरी जात होतं.

त्याच दिवसांत सोयाबीनचं निंदण सुरू झालं. आमच्याकडे निंदायला बाया लागतात तेव्हा सगळ्या एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, रांगेनं सुरुवात करतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन ओळींचा पट्टा, त्याला पात म्हणतात. बसून सरकत सरकत, विळ्यानं गवत काढत, बोलत बोलत समोरच्या धुऱ्यापर्यंत जायचं. मी पाण्याची कळशी घेऊन समोरच्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा सगळ्या बाया तिथं टेकल्या होत्या. माझी बायको एकटी अजून शेताच्या मध्यात होती.

"मास्तर, तुमची बाई पेपर लिहून राह्यली का तिथं?" एका म्हातारीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या.

मी आत शिरून पाहिलं. सोयाबीनच्या बुडाशी, पानांच्या आत, लव्हाळ्याचा एक कोंब होता. बाकीच्यांनी तो पाहिलाही नसता. ती विळ्याचं टोक घालून त्याची गाठ खणत होती. तुटला असता तर परत आला असता, म्हणून मुळासकट. तिच्या मागची पात मी पाहिली. त्यात बोटाएवढं गवत सापडलं असतं तर मी मिशी काढली असती.

हे तिचं माहेरचं. माहेर लोणार तालुक्यातलं, बीबीच्या बाजूचं. तिची माय पोरींच्या मागून पातीतून चालत यायची आणि गवत राहिलेलं दिसलं की पोरीला मधून उठवून मागं पाठवायची, सगळ्यांसमोर. गवत मागं ठेवणारी पोरगी सासरी नाव काढीत नाही, असं त्या घरात होतं. माझी बायको नवीन नवरी म्हणून पहिल्यांदा आमच्या शेतात निंदायला बसली तेव्हा गावातल्या चार बाया मुद्दाम तिची पात पाहायला आल्या होत्या आणि तोंडात बोट घालून गेल्या होत्या. आमच्या मायनं तो किस्सा वर्षभर सांगितला होता.

पुढच्या रविवारी निकाल परत तसाच आला. घरी येईपर्यंत मी दम धरला. अंगणात गाडी लावली आणि माझा बांध फुटला.

"खालचे प्रश्न आजही कोरे? काऊन?"

"एक गणित अडलं होतं."

"मंग सोडून द्यायचं."

"सोडून कसं द्यायचं? येते मले ते. मागं राह्यलं तं पुढचं काही दिसतच नाही. डोक्यात तेच राह्यते."

"तुह्या मायनं तुले गवत काढाले शिकवलं, पेपर सोडवाले नाही शिकवलं."

बोललो आणि वाटलं, आता झालं. माहेरावर गेलो म्हणजे दोन दिवसांचा अबोला नक्की. पण ती रागावली नाही. पायरीवर बसली. मग म्हणाली, "खरं बोलले तुम्ही. मी पेपर निंदूनच राह्यली."

आता रोग कळला होता, पण औषध कुणाला माहीत होतं? मला वाटलं, सवय आहे, मोडली की झालं. मी मास्तरकी काढली. म्हटलं, उद्यापासून पातीत जाणूनबुजून गवत मागं ठेवायचं. तिला ते पटलं नाही, तरी तिनं ऐकलं. सकाळभर ती तीन-चार ठिकाणी गवत सोडून पुढं सरकली. दर वेळी मान मागं वळायची, दर वेळी मी धुऱ्यावरून ओरडायचो, "पुढं पाह्य." बायांची हसून हसून वाट लागली. दुपारी ती पुस्तक घेऊन बसली, तासाभरानं पाहतो तर पुस्तक खाटेवर आणि ती गायब. शेतात जाऊन सोडलेलं सगळं गवत काढून ती परत आली, हातपाय धुतले आणि मग अभ्यासाला बसली. "आता डोकं चाललं," म्हणाली. मायच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं दोघांनाही धरलं. "शिकता शिकता शेताची माती करता काय बे? गवत कोणी ठेवून पेपर पास होते?"

ते औषध मी त्याच दिवशी बंद केलं. रविवार येत राहिले. थोडा फरक पडत होता, पण खालचे प्रश्न कोरे राहतच होते. मी तोंडानं हिंमत देत होतो आणि आतून घाबरलो होतो. दिवाळी आली तशी गेली. परीक्षेची तारीख जवळ आली होती.

कापूस फुटला होता. वेचणीत माझ्या बायकोला तोड नाही. निंदणात मागं राहणारी ही बाई वेचणीत सगळ्यांच्या पुढं असते. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन झाडांवर, आणि पाय थांबत नाहीत. त्या सकाळी मी कापसाचं गाठोडं बांधत होतो आणि ती माझ्यापुढं ओळीत होती. एकदम ती थांबली. दोन पावलं मागं आली. एका बंद बोंडावर बोट ठेवलं.

"अहो, इकडं पाहा."

मला वाटलं अळी दिसली. गाठोडं टाकून धावलो.

"हे बोंड फुटलं नाही," ती म्हणाली.

"मंग?"

"मी ते तोडलं का?"

"काऊन तोडशीन? कच्चं हाय ते."

"मले वाईट वाटलं का सोडताना?"

मी बोंड वाकवून खालून पाहिलं, अळी नव्हतीच.

"नाही वाटलं," तिचं तिनंच उत्तर दिलं. "काऊन की दुसऱ्या वेच्याले मी इथं येणारच हाव. सोडलं असं वाटतच नाही. ठेवलं असं वाटते."

मी डीएड झालेला माणूस, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कापूस काही एकदम फुटत नाही. आमच्याकडे पहिला वेचा होतो, मग पंधरा-वीस दिवसांनी दुसरा, मग तिसरा. फुटलेलं घ्यायचं आणि पुढं जायचं. कच्च्या बोंडापाशी उभी राहणारी बाई कोणी पाहिलीच नाही. पेपर हा निंदणाचा नव्हताच, वेचणीचा होता. आणि तो शोध त्या ओळीत उभं राहून माझ्या बायकोनं लावला. मी अभिमानानं म्हटलं, "थांबली काऊन मंग? वेच ना." ती हसली आणि पुढं गेली.

पुढच्या रविवारी मी बाकावर बसलोच नाही, दोन तास त्या गल्लीत फेऱ्या घातल्या. ती बाहेर आली. शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली होती. जे पाहताक्षणी आलं ते घेतलं, जे अडलं त्यावर खूण करून ठेवली, आणि परत वरपासून येऊन ते उचललं. तरी वेळ उरला होता. पडद्यावरचा आकडा त्या कॉम्प्युटरवाल्यानं दोनदा पाहिला. त्यानं विचारलं, "मॅडम, कोणता क्लास लावला?" ती म्हणाली, "घरचाच."

परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. एका कॉलेजच्या फाटकाबाहेर आमच्यासारखी पुष्कळ मंडळी होती, बाया आत गेलेल्या आणि नवरे बाहेर लहान लेकरं सांभाळत झाडाखाली बसलेले. कोणी दूध पाजत होतं, कोणी नुसतंच हलवत होतं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की भांडी घासणारा मी एकटा नव्हतो. आम्ही एकमेकांना डबे दिले. माझी वांग्याची भाजी सगळ्यात आधी संपली.

ती फाटकातून आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखू शकलो नाही. विचारलं, "किती राह्यले?"

"दोन वेचे झाले," ती म्हणाली. "तिसऱ्याले काही उरलंच नव्हतं."

मार्क आले ते ऐकून दोस्तमंडळींनी माझ्या पाठीत गुद्दे घातले, जणू ते मीच मिळवले होते. पण आपल्याकडे मार्क आले म्हणजे नोकरी आली असं नसतं. यादी आज लागते, उद्या लागते, असं करत उन्हाळा गेला, परत निंदण आलं, परत वेचणी आली. थांब्यावर लोक विचारायचे, "झालं का?" मी सांगायचो, "झाल्यातच जमा हाय." घरी येऊन मात्र मी मोबाईल उघडून उघडून डोळे फोडून घेत होतो. तिनं मात्र एकदाही विचारलं नाही. ती वांगी तोडायची आणि पोरीला पाढे शिकवायची. कधी कधी मला वाटायचं की तिनं आशा सोडली आहे आणि मला सांगत नाही.

यादी लागली तेव्हा आम्ही दोघं विहिरीवर मोटार दुरुस्त करत होतो. मोबाईल माझ्या तेलकट हातात होता. तिचं नाव होतं. आपल्याच जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या पुढं एक गाव. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. तिनं मोबाईल घेतला, नाव वाचलं, परत दिला आणि विहिरीच्या काठावर मटकन बसली. मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. मीही रडलो. त्यात लपवायचं काय?

माय घरात होती. मी सांगितलं, तशी तिनं हरभऱ्याची डाळ काढली आणि पुरणाला शिजत घातली. जरा वेळानं विचारलं, "दूर हाय का?"

"दूर हाय. तिथंच खोली करावी लागन. पोरगी तिच्यासंग जाईन. मी शनिवारी जात जाईन."

"अन् घर?"

मी काही बोलायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "हाव, तुले येते आता सगळं." संध्याकाळी ती देवळाच्या पारावर बसून बायांना सांगत होती की आमच्या सुनेची पात पहिल्या दिवशीच पाहून मी ओळखलं होतं, ही पोरगी काहीतरी करन.

जूनमध्ये शाळा उघडल्या. हजर व्हायच्या दिवशी मी दोघींना मोटरसायकलवर घेऊन गेलो. सामान आदल्या दिवशीच खोलीत टाकलं होतं. दोन खोल्यांची शाळा, समोर कडुनिंब, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि तिला तिसरीचा वर्ग दिला. पोरगी तिसरीतच होती, म्हणजे ती तिच्या आईच्याच वर्गात जाऊन बसली, तिसऱ्या रांगेत, नवीन दप्तर मांडीवर घेऊन. मला परत जायला हवं होतं. म्हशीचं दूध काढायचं होतं. पण पाय निघेना. मी वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेलो.

खरं सांगायचं तर मला थोडी भीती होती. तो वर्ग, तो फळा, ती पोरं, हे सगळं एके काळी मीही स्वतःसाठी पाहिलं होतं. वाटलं होतं की बघून कुठंतरी खुपेल. नाही खुपलं. तिनं खडू उचलला, फळ्यावर तारीख लिहिली, वळून पोरांकडे पाहिलं, आणि माझी छाती अशी भरून आली की मी खिडकीचे गज धरले.

तेवढ्यात पोरीनं मला पाहिलं आणि हात हलवला. सगळी पोरं वळून खिडकीकडे पाहायला लागली. बायकोनंही पाहिलं. तिनं खडू खाली ठेवला, आणि घरात मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, पुस्तकातल्या शुद्ध भाषेत म्हणाली, "पालकांनी वर्ग सुरू असताना खिडकीत उभं राहू नये. आपण या आता."

मी गज सोडले. म्हटलं, "हाव, मॅडम."

पोरं खो खो हसली. तिनं डस्टर टेबलावर आपटलं आणि अख्खा वर्ग चिडीचूप झाला. मीही तोंड मिटून गाडीकडे निघालो.